कमलिनीताईंनी नाकारलेला चहा

सन्माननीय अध्यक्ष श्रीनाथराव, व्यासपीठावरचे पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती कमलिनीताई, समोरच्या वहिन्या, मुलंबाळं आणि आमच्या कंपनीच्या कॅम्पमधून बस भरून आलेले तमाम कामगार, सर्वांना या अंबादासचा नमस्कार. मला पाच मिनिटं दिली आहेत आणि आमची मंडळी समोरच घड्याळ काढून बसली आहे. तेव्हा, यल्ला, चला!

ताई इथे आखातात आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत अकरा वर्षं ॲडमिन होत्या. अकरा वर्षांत या बाईंनी मला एकदा तरी 'सर' म्हणावं? नाव नको! मी अंबादासभाऊ, ड्रायव्हर तो दौलतभाऊ. ज्यांच्या नावावर कंपनीचं लायसन्स, ते आमचे अरबी स्पॉन्सर आले, तर तेही खलफानभाऊ! गृहस्थ इतके खूश झाले, की दोन पेट्या खजूर पाठवले. मालक मी, पेट्या ताईंना!

तर दोन हजार साली रुवैसची रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद होती आणि ते शटडाउनचं काम आम्हाला मिळालं. नेमकी तेव्हाच दौलतने लेकीच्या लग्नासाठी रजा मागितली. मी म्हटलं, काम खलास झालं की जा. आणि जाणार कसा? सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या तिजोरीत. सगळेच मालक ठेवतात, त्यात काय मोठंसं, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

दुसऱ्या दिवशी लंचला ताई माझ्या केबिनमध्ये येऊन बसल्या. बोलेनातच! विचारलं, "काय काम?"

"काही नाही. तिजोरी उघडेपर्यंत रोज बसेन."

"बरं, चहा तरी घ्या."

"या ऑफिसचा चहा आता नको, भाऊ."

अहो, भांडणारा माणूस परवडला! रोज एक ते दोन, समोर शांत बाई. घास उतरेना. मी फोन उचलायचो आणि पलीकडे कुणी नसताना "इन्शाल्ला, इन्शाल्ला" करत राहायचो. हसा, हसा! ताई, तुम्हीसुद्धा?

नवव्या दिवशी घरी गाऱ्हाणं घातलं. आमची अस्मी तेव्हा आठवीत. म्हणाली, "पापा, शी इज लाइक द क्वेकर्स!" गुलामगिरीविरुद्ध उभे राहिलेले लोक म्हणे. शांत बसायचे, कुणापुढे टोपी काढायचे नाहीत, गुलामांच्या मळ्यातली साखर खायचे नाहीत. मी हसून म्हटलं, "बेटा, आपल्याकडे कुठे गुलाम?"

ती म्हणाली, "देन व्हेअर इज दौलत अंकल्स पासपोर्ट?"



दहाव्या दिवशी तिजोरी उघडली आणि दौलतचा पासपोर्ट दौलतच्या हातात दिला. वाटलं, सुटलो! पण ताई हलेनात. म्हणाल्या, "अजून बेचाळीस आहेत, भाऊ." मग काय, सगळे वाटले, आणि त्या दुपारी बाई लागोपाठ तीन कप चहा प्यायल्या!

दौलत लग्नाला गेला, आणि परत येतो की नाही, या धास्तीने मी अर्धा झालो. रजेच्या सोळाव्या दिवशी तो लग्नाचे लाडू घेऊन आला आणि मलाच म्हणाला, "साहेब, वाळलात हो." आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय बघा.

ताई, आता तुम्ही कायमच्या वाईला निघालात. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, तुमचे आभार. शेवटी वक्त्याने बोलण्यातल्या चुकांची माफी मागायची असते. बोलण्यातल्या राहू देत. माझी चूक त्या मागच्या रांगांतल्या कामगारांना ठाऊक आहे, आणि अजून एकदाही मी ती त्यांच्या तोंडावर बोललेलो नाही.

भाई लोग, वो पासपोर्ट आपके थे, मेरे नहीं. मुझे माफ़ करना.