तोंड बांधलेली माणसं

(कन्नड ते संभाजीनगर काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या बबनरावांनी सांगितलं, तसं लिहून घेतलं.)

बसा ताई, गाडी भरल्याबिगर काय सुटत नाय, तवर सांगतो. तुम्ही विचारलंत हे लई बरं केलं. बाकीची लोकं विचारीत नाहीत, नुसतं हसतात. म्हातारा फाट्यावर लिंबाखाली बसतो आन् तोंडाला स्टोल बांधलेली पोरगी स्कूटीवरनं गेली का तिला हात जोडतो, ह्याचं डोकं फिरलं म्हणतात. डोकं फिरलेलं नाय ताई. पण ते सांगायचं तर पार पहिल्यापासनं सांगावं लागंल.

आम्ही घाटाच्या अंगाचे, कन्नडच्या पलीकडचे. जमीन नावाला, सगळा मुरूम, म्हणून आमचे आबा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागले ते रिटायर होस्तवर तिथंच. मी लहानपणी भाकर घेऊन जायचो. थंडीत गेटवर असं वारं सुटायचं का दात वाजायचे, आबा उपरणं तोंडाला गुंडाळून बसायचे, पण साहेबाची गाडी दिसली का पहिलं उपरणं खाली, तोंड उघडं, मग सलाम. मी म्हणायचो आबा थंडी वाजती ना, मग काढता कशाला. तर म्हणायचे, तोंड बांधून मोठ्या माणसाशी बोलतो तो चोर, गेटवरच्या माणसाचं तोंड दिसलं पायजे. ही त्यांची आदब. पण डोक्याचा पटका, तो मात्र कुणापुढं उतरला नाय. एक नवीन साहेब म्हणाला पटका काढ, कारखान्याची टोपी घाल. आबा म्हणाले साहेब, सलाम धा वेळा घ्या, पटका तेवढा ऱ्हाऊ द्या. साहेब हसला आन् गेला.

पुढं पोरी तोंडं बांधून गाड्या चालवायला लागल्या, तर आबांचा जीव खालीवर. ही डाकूंची टोळी कुठं दरोडा घालायला निघाली रे बबन, असं म्हणायचे. मी म्हणायचो आबा, ऊन लागतं त्यांना. तर म्हणायचे, ऊन आम्हाला काय लागत नव्हतं?

तर ते असो. मी जीपवर लागलो, लग्न झालं, पोरं झाली, आन् मग तो कोरोना आला. पहिल्या वेळी आम्ही वाचलो, दुसऱ्या वेळी घरात शिरला. मी आन् आबा बरोबरच तापलो. एकच घर, एकच ताप, एकच खोकला, ॲम्ब्युलन्सबी एकच. पडेगाव मागं पडलं तवर आबा बोलत होते, वासराला पाणी पाजलं का विचारीत होते, आन् शहरातली छावणी येस्तवर गप झाले. मला वाटलं झोप लागली. झोप नव्हती ती, अंगातला आक्सिजन उतरला होता.

दवाखान्यात खाटा शेजारी शेजारी मिळाल्या हे नशीब म्हणायचं. दोघांच्या तोंडाला आक्सिजनचा मास्क, दोघांच्या बोटाला चिमटा. आबांना ना शुगर, ना बीपी, हयातभर कधी दवाखान्याची पायरी चढले नव्हते. नुसतं वय. मी डॉक्टरला विचारलं, साहेब, आजार एकच ना, मग मी उठून बसलो आन् ह्यांचं असं का? ते म्हणाले तुझ्या छातीत अजून शिल्लक आहे, त्यांच्यात कमी आहे. मला ते गाडीवाल्याच्या डोक्यानं कळलं. घाट एकच, वझं एकच. नवी गाडी मधी बंद पडली तरी सेल मारला का उचलती, जुनी एकदा चढावर थांबली का मग मागंच सरकती. वार्डात मी तेच बघितलं. तरणी पोरं मास्क काढून फोनवर बोलायची, परत लावायची, कायबी व्हायचं नाय. म्हातारी माणसं मास्क सरकला का बघता बघता निळी पडायची. तसं तरणंबी गेलं आमच्या वार्डातनं, खोटं कशाला बोलू, पण म्हाताऱ्यांना मुभाच नव्हती, काय सांगू तुम्हाला.

आन् आमचे आबा काय करायचे? डॉक्टर राउंडला आले का मास्क खाली. तोंड उघडं, मग हात जोडणं. रामराम साहेब, मी बरा हाय. मोठ्या माणसाशी तोंड झाकून कसं बोलायचं! तेवढ्या दोन शब्दांत आक्सिजनचा आकडा असा घसरायचा का मशीन वरडायला लागायचं आन् सगळे पळत यायचे. डॉक्टर ओरडले, मी ओरडलो. पलीकडच्या खाटेवर शहरातला एक रिक्षावाला होता, तोबी म्हणायचा, अरे चाचा, सलाम इशारे से करो ना, मास्क नक्को उतारो. आबा मान हलवायचे आन् दुसऱ्या दिवशी परत तेच. डॉक्टर आले, मास्क खाली. त्यांचा हात त्यांच्या ताब्यात नव्हता ताई, हात अजून कारखान्याच्या गेटवरच होता. मी माझ्या खाटेवरनं नजर ठेवायचो, डॉक्टर दारात दिसले का उठून आबांचा हात धरायचो.

आन् एक दिवस डॉक्टर मला म्हणाले, तू बरा झालास, घरी जा, खाट खाली कर. लोकांना ह्याचा आनंद होतो, मला आबांचा घोर लागला. मी गेलो तर हात कोण धरणार? मी सिस्टरला म्हणालो, बाई, मला इथंच जमिनीवर पडू द्या, झाडू मारतो, काय सांगाल ते करतो. ती म्हणाली तसं जमत नाही दादा. पन्नास माणसं, आन् त्या दोघी-तिघी. तिचं तोंड मी कधी बघितलं नाय, पांढऱ्या पोशाखात पार गुंडाळलेली, चष्म्याला आतनं वाफ धरलेली. आवाजावरनं कोवळी वाटायची. मी मग तिला सगळं सांगितलं, गेट, उपरणं, साहेबाची गाडी, पटक्याचं.

ती आबांजवळ गेली. उशाखालचा पटका काढला, घडी केली, त्यांच्या छातीवर ठेवला. म्हणाली, बाबा, नोकरीत साहेबापुढं हा कधी उतरवला का? आबांना एवढा राग आला का ते उत्तर द्यायला मास्कच काढायला लागले. तिनं वरनं हात दाबला. म्हणाली, नाही ना उतरवला? मग ऐका. इथं डोक्याचा पटका नाही चालत, इथं हा तोंडावरचाच पटका. कुणीबी येऊ द्या, मोठा डॉक्टर येऊ द्या, मिनिस्टर येऊ द्या, पटका उतरवायचा नसतो.  आबांनी हळूच मास्कची दोरी चाचपून बघितली, जशी गेटवर पटक्याची गाठ चाचपायचे तशी.

मी निघालो ते मागं बघतच. छावणीत मावसभावाकडं थांबलो, घरी जायचं धाडस झालं नाय. दुसऱ्या दिवशी फोन आला, तीच. म्हणाली घ्या, वडलांशी बोला. मी आबा आबा करतोय, तिकडनं काय नाय. नुसता फुसफुस आवाज. मी फोन कानाला घट्ट दाबला. मग ती हसली हो! म्हणाली दादा, ते बोलत नाहीत. मी म्हणलं मुलगा आहे, दोन शब्द बोला, तर मानेनं नाही म्हणतात. सकाळी डॉक्टर आले तेव्हाबी नुसता सलाम केला, मास्कला हात लावला नाही. ताई, बाप बोलला नाय म्हणून मी रस्त्यावर उभा राहून रडलो, आनंदानं.

आले घरी. लई दिवसांनी आले, पण आले. माझं अंगातलं बळ गेलं होतं ते सगळं परत आलं, त्यांचं थोडं तिकडंच ऱ्हायलं. फाट्यापर्यंत चालताना आता दोनदा बसतात. वयच ते, त्याला काय विलाज. मी परत त्या दवाखान्यात गेलो, तिला साडी-चोळी द्यावी म्हणून. पण कुणाला द्यायची? नाव विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं, तोंड तर बघितलंच नव्हतं. साडी परत आणली. आबा म्हणाले, बबन, हयातभर म्हणत आलो तोंड बांधलेला माणूस चोर, आन् जिनं मला जितं ठेवलं तिचं तोंडच दिसलं नाय.

तवापासनं असं. तोंड बांधलेली पोरगी दिसली का पटका सारखा करतात आन् हात जोडतात. मी म्हणलं आबा, सगळ्या काय त्याच नसतात. तर म्हणतात, एखादी असली तर?

चला, भरली गाडी. सरकून घ्या हो मामा, बाईला बसू द्या. ताई, परवा तुम्ही घाबरून स्टोल काढलात त्यांच्यापुढं. काढत जाऊ नका. नुसता हात करत जा, म्हाताऱ्याचा दिवस चांगला जातो. सुखी ऱ्हा.