आकडा दादांनी घातला नव्हता

वैनी, मिलमधली दादांच्या जोडीची मंडळी, सातारहून मुद्दाम आलेले माने सर, आणि आपल्या क्लासची सगळी पोरं,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो. दहावीला दोनदा बसून तिसऱ्यांदा न बसलेला माणूस मी. माइकसमोर माझं काय काम? पण मग मीच परत येऊन नाव दिलं. दिलीपदादांबद्दल एक गोष्ट सांगली आणि सातारा, दोन्हीकडं बोलली गेली. ती खरी नाही. ती खरी नाही हे दोघांनाच माहीत होतं. गेल्या आठवड्यात दादा गेले, आता एकटा मी उरलो. ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. माझं बोलणं भरकटतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. भरकटलो तर आवाज द्या.

दादा माधवनगरच्या मिलमध्ये जॉबर होते. इथल्या लहान पोरांना हे माहीत नसेल. जॉबर म्हणजे माग लावून देणारा माणूस. सूत तुटायला लागलं, सूत वाहणारा धोटा अडकायला लागला, की विणणारा जॉबरला हाक मारतो. दादा यायचे, कान देऊन ऐकायचे, एक नट अर्धा आटा फिरवायचे आणि जायचे. मिल बंद पडल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला. लोक हसले. मागावरचा माणूस पोरांना काय शिकवणार? दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, असं तेव्हा चहाच्या गाड्यावरसुद्धा बोलत होते. दादा म्हणायचे, बंद पडायचं ते पडू देत, आपण तोवर शिकू.

आठवडाभर टायपिंग, रविवारी गेम. वायरनं जोडलेली सहा मशिनं, त्यात तो बंदुका घेऊन पळायचा गेम. एक दुसऱ्याला शोधतोय, दुसरा तिसऱ्याला. आम्ही नुसते खेळायचो. दादांनी मात्र त्या गेमचा नट शोधून काढला. एस्केपच्या खालचं बटण दाबलं, की दुकानाचं शटर पडावं तसा एक पडदा स्क्रीनवर खाली यायचा. त्यावर कमांड लिहायची. माउस किती पळवायचा, नजर किती रुंद ठेवायची, कुठल्या बटणानं उडी, कुठल्यानं बंदूक बदलायची. गेम बनवणाऱ्यानं एक माप दिलेलं असतं, दादांना ते मान्य नव्हतं. म्हणायचे, सगळ्यांचे हात एका मापाचे हायत व्हय?

ते आमच्या मागं उभे राहायचे. स्क्रीनकडं बघायचेच नाहीत, मनगटाकडं बघायचे. मग शटर खाली. "पाव कमी करू." माउसचा आकडा साडेतीनचा सव्वातीन व्हायचा. आणि खरं सांगतो मंडळी, हात मोकळा व्हायचा. आपलाच हात आहे हे नव्यानं कळायचं. प्रत्येकाचे आकडे प्रत्येकाच्या फ्लॉपीत, वर दादांच्या अक्षरात नाव.

तो बसू बघा, तिसऱ्या रांगेत बसलाय. जतचा, डावखुरा. आला तेव्हा मराठी बेताचंच, आणि हातांची अशी घडी घालून खेळायचा की बघणाऱ्याचे खांदे दुखावेत. दादांनी त्याचा माउस डावीकडं घेतला आणि पळायची सगळी बटणं उजवीकडच्या आकड्यांवर नेऊन बसवली. बसू खेळला, जिंकला आणि कानडीत काहीतरी लांबलचक बोलला. कुणालाच कळलं नाही. दादा म्हणाले, "बराबर हाय."

वैनी, तुमचं बटण आठवतंय ना? तुम्ही चहा घेऊन दारात उभ्या राहायच्या, हाका मारून दमायच्या, आणि आम्ही बंदुकीच्या आवाजात बहिरे. शेवटी दादांनी स्वतःच्या मशिनवर एक बटण बांधलं. ते दाबलं की सहाही स्क्रीनवर एकदम ओळ यायची : चहा आला, हात धुऊन घ्या. एकदा मी बसूच्या अगदी पाठीवर होतो, बंदूक रोखलेली, आणि ती ओळ आली. बसू उठून हात धुवायला गेलासुद्धा. गोळी झाडावी की नाही, मला कळेना. तुम्ही म्हणालात, आवं, त्यो चहाला उठलाय, त्याला कशाला मारतोस?

भरकटलो. सातारला येतो.

माने सरांच्या क्लासबरोबर आमची मॅच ठरायची. एकदा ते इकडं, एकदा आम्ही तिकडं. तिची एक रीत होती, दादा आणि सर दोघांनी मिळून लावलेली. मॅचच्या आधी प्रत्येकाची फाइल समोरच्या पार्टीनं मोठ्यानं वाचायची. आमची सर वाचायचे, त्यांची दादा. सगळे आकडे उघड. स्वतःच्या हातासाठी काहीही बदला, फक्त उजेडाचा आकडा सगळ्यांनी एकच ठेवायचा. त्या गेममध्ये एक काळंकुट्ट तळघर होतं. उजेडाचा आकडा बदलला की तिथं दिवस उजाडायचा, आणि लपलेला माणूस उघडा पडायचा. आणि मॅच झाली की एकमेकांना फायलींची कॉपी द्यायची, आठवण म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एस.टी.नं सातारला गेलो. फायली वाचून झाल्या. माझी सरांनीच वाचली. शेवटचा डाव माझा होता. आधीच मागं होतो, आणि त्यांचा गडी तळघरात जाऊन बसला. मी दोनदा आत गेलो, दोनदा मेलो. माझ्या मागं अख्खी सांगली उभी आहे असं मला वाटत होतं. खरं तर पाच पोरं होती, आणि तीही त्या गड्याच्या स्क्रीनकडं बघत होती. मी शटर खाली ओढलं, उजेडाचा आकडा बदलला, शटर वर. एवढा वेळ पुरतो. मग तळघर लख्ख. मी जिंकलो.

पोरांनी मला उचललं. दादा टाळ्या वाजवत होते, आणि मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

मला एक माहीत नव्हतं. गेम बंद करताना जे आकडे चालू असतात, ते तो आपलं आपण फाइलमध्ये लिहून ठेवतो. कॉपी द्यायला माझी फाइल उघडली, आणि उजेडाच्या ओळीत नवा आकडा. सरांनी फ्लॉपी हातात धरली. वर दादांचं अक्षर. सगळ्या फायली तेच लिहितात, हे सगळ्यांना माहीत. सर म्हणाले, दिलीपराव, हे कुणी केलं?

दादांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी टेबलाकडं बघत होतो.

"मी बदलला," दादा म्हणाले. "वाचून झाल्यावर. पोराला ठावं न्हाई."

सातारकरांनी आम्हाला दिलेला जिंकल्याचा कप दादांनी स्वतःच्या हातानं परत टेबलावर ठेवला. सर, तुम्ही नुसतं दार उघडून दिलंत. त्यानंतर मॅच झाली नाही. पुढं सांगलीतही ते पोचलं. मास्तर पोरांना लबाडी शिकवतो म्हणून चार घरांनी पोरं काढून घेतली. रविवारी दोन मशिनं रिकामी राहायला लागली.

येताना कराडला गाडी थांबली, तेव्हा मी दादांना विचारलं, तुम्ही असं का केलं. ते शेंगा सोलत होते. म्हणाले, "कापडात दोष आला की पैलं जॉबरला इचारत्यात, संज्या. त्यात काय एवढं." मग टरफलं झटकत म्हणाले, "तू सांगशील कवातरी. मी मागं लागणार न्हाई."

ते मागं लागले नाहीत. मीच पुढं पळालो. जतला पाण्याच्या टँकरवर क्लीनर म्हणून राहिलो. मग कोयनानगरला एका खाणावळीत. तिथं जमीन हलली की लोक हातातला पेला नीट धरतात आणि परत जेवायला लागतात. मीही तसंच केलं. आतून हलायचो आणि परत जेवायचो. दोनदा सरांना पत्र लिहायला घेतलं. एकात कोयनेचं वर्णनच दोन पानं झालं, दुसरं टाकलंच नाही. मला वाटायचं, वेळ आहे. दादा कुठं जातायत?

मधे एकदा सांगलीला आलो होतो. क्लासच्या खिडकीतून बघितलं. दादा एका मुलीच्या मागं उभे होते, तिच्या मनगटाकडं बघत. मी आत गेलो नाही. आत गेलो असतो तर ते फक्त म्हणाले असते, बस, चहा यील आता. ते मला सोसलं नसतं.

माने सर, आकडा मी बदलला. वाचून झाल्यावर, शेवटच्या डावात, माझ्या या हातानं. दादांना तेव्हा ठाऊक नव्हतं. ज्या घरांनी पोरं काढली, त्यांतले कुणी इथं असतील तर त्यांनाही सांगतो. दिलीपदादांनी कुणाला लबाडी शिकवली नाही. त्यांच्या अख्ख्या क्लासात एकच लबाड निघाला, आणि त्याला त्यांनी पाठीशी घातलं. वैनी, तुमच्या घरावर हा डाग माझ्यामुळं आला. तुम्ही मला काय वाटेल ते बोला. आज नको वाटलं तर उद्या बोला. या वेळी मी कुठं जाणार नाही.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभं राहू. दादांच्या बाबतीत मी वर्षभर गप्प राहिलो, ते माझ्यासाठी होतं. ही दोन मिनिटं त्यांच्यासाठी. माने सर, तुमची हरकत नसेल, तर मी तुमच्या शेजारी येऊन उभा राहतो.

दादा, नमस्कार.