दंडावरचं यंत्र आणि मोठ्या मॅडम

अगं, परवा मी हैदराबादला लेकीकडं निघालते न्हवं, तवाचं ऐक. माझ्या दंडाला साखर मोजायचं गोल यंत्र चिकटवलेलं हाय. त्याचा आकडा मोबाईलवर दिसतो, आणि साखर चढतीय का उतरतीय त्याचा बाणबी. विमानतळावर पडद्याआड तपासणी करणाऱ्या पोरीचं मशीन नेमकं तिथंच वाजलं.

"हे काढून ट्रेमध्ये ठेवा."

"अगं पोरी, त्याची बारीक तार कातड्यात हाय. काढलं की वाया गेलं. ह्याच्याकडं बघूनच इन्सुलिन घेते मी."

तिनं मोठ्या मॅडमना बोलवलं. त्याबी म्हणाल्या, "काढावं लागेल, मावशी."

लेकीचं बाळंतपण तोंडावर, आणि तिथं मी अंदाजानं इन्सुलिन घेऊ? मी काय हटले न्हाय. ट्रेमधला मोबाईल मागून घेतला आणि मॅडमच्या समोर धरला.

"रांगेत हुते तवा साखर एकशे चाळीस हुती. आता किती हाय, वाचा."

"एकशे बासष्ट."

"आणि बाण कुणीकडं हाय?"

"वर."

"मी काय खाल्लं काय मधी? घोटभर पाणीबी न्हाय प्याले. ही सगळी तुमच्या प्रश्नांनी चढलेली साखर हाय!"

मागं थांबलेल्या बायका खदाखदा हसल्या. मॅडमनी यंत्र नीट निरखलं, त्यावरनं बारूद हुडकायची एक पांढरी पट्टी फिरवून तपासली आणि माझ्या पासवर दणकन शिक्का मारला.

"जावा मावशी, लवकर जावा. दोनशे झाली तर आमच्यावरच येईल."