एका ओळीचा पसारा

नाही, पण लाज वाटावी म्हणजे किती वाटावी माणसाला? तुम्हाला सांगतो, घरात तोंड लपवता येतं, सासरी लपवता येतं, पण इथे? सगळं उघड्यावर हो! त्याचं नावच मुळी ओपन सोर्स. ते पत्रं-अर्ज लिहायचं फुकट सॉफ्टवेअर असतं ना, ज्याचा आतला कोड कुणीही बघावा, कुणीही सुधारावा... ते! आता मी वर्षभर घरी बसून प्रोग्रामिंग शिकतोय, बायको कमावती, वडील रिटायर्ड टायपिस्ट. रोज जेवताना ताटावरून मान वर न करता विचारणार, "मग? शिकलास त्याचं काही दिसणार कधी?" घास गिळायच्या आत मी बोलून बसलो, "बाबा, तुम्ही ज्यात पत्रं लिहिता ना, त्यात आता माझं काम असणार!"

झालं! लगेच आत्याला फोन, जिन्यात भेटेल त्याला बातमी.

आणि काम काय? नवशिक्यांसाठी सोपी कामं वेगळी काढून ठेवलेली असतात, त्यातलं मी उचललं... एका जुन्या फाइलमधली एक निकामी ओळ काढून टाकणे. एक ओळ! कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, नुसती पडून आहे. म्हटलं, हे तर आपलंच भावंड! काढली, सेव्ह केलं, पाठवलं, पाय लांब करून बसलो.

पण आमचा एडिटर, म्हणजे मी कोड लिहितो ते सॉफ्टवेअर! भलता गुणी! फाइल सेव्ह केली की न सांगता सगळ्या ओळी झाडूनपुसून सरळ लावून देतो. मला काय माहीत? म्हणजे खिळा उपटायला बोलावलेला माणूस जाता जाता अख्खी भिंत रंगवून गेला! तिकडे उघडून बघतात तर फाइलची ओळन् ओळ बदललेली, काढलेलं लाल, घातलेलं हिरवं, अशी वरपासून खालपर्यंत लाल-हिरवी, आणि त्यात मी काढलेली कोणती, हे माझं मलाच सापडेना!

तिथे तपासणाऱ्या एक बाई आहेत. कोण, कुठल्या, देव जाणे. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं हो! पण काय गोड लिहिलं... "तुमच्या उत्साहाबद्दल मनापासून आभार. काढायची एकच ओळ होती. बाकीच्यांचं काय चुकलं?" त्याखाली कुणीतरी हसरा चेहरा टाकलेला. त्याखाली आणखी एक! उघड्यावर हो, सगळं उघड्यावर! कान तापले, लॅपटॉप मिटला. बायको म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "डोळे दुखतायत." डोळे कसले दुखतायत? रडू येत होतं मला!

पुन्हा केलं. यावेळी एडिटरची ती खोड बंद करून, श्वास रोखून, एकच ओळ काढली. माझी दुरुस्ती घेतली त्यांनी! सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आली, वडिलांनी चष्मा पुसून उघडली.

"कुठाय तुझं काम?"

"दिसत नाही, बाबा. मी एक ओळ काढलीय."

"ती काय करायची?"

"काही नाही."

"मग आता?"

"...आताही काही नाही."

वडिलांनी चष्मा काढून डबीत ठेवला. तुम्हाला सांगतो, त्यापेक्षा चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं! बायकोच म्हणाली, "निकामी सामान काढता येतं ना आता? मग माळ्यावरचा मोडका पंखा काढा."

चढलो निमूट. धूळ, अंधार, कोळिष्टकं... पण म्हटलं, चला, निदान इथे तरी आपण उघड्यावर नाही! पंख्याला हात घातला, तर खालून शिडी धरलेले वडील ओरडतायत, "एकच वस्तू काढ रे! बाकीचा माळा सरळ लावत बसू नकोस!"

...त्या बाईंचं उत्तर वाचलं होतं त्यांनी. आत्यानेही वाचलं होतं. वाचणारच ना! उघड्यावरच होतं सगळं!