गठ्ठ्यात गेलेली कविता

(अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी, माग बंद.)

कस्तुराबाई : आरं, चिठ्ठीच हुती की ती! त्यापायी जेवायचं सोडून डोक्याला हात लावून बसलाईस व्हय?

बिरुदेव : मावशी, चिठ्ठीच्या मागं माझी कविता हुती. धागा तुटला म्हणून तुज्या टेबलावर ठिवून पळालो.

कस्तुराबाई : मला काय ठावं? माझं काम घड्या घालायचं. नगाची चिठ्ठी दिसली, रोजच्यासारखी गठ्ठ्यात घातली, गठ्ठा सुतळीनं शिवून टाकला.

बिरुदेव : आन् गठ्ठा?

कस्तुराबाई : मोहोळला. टेम्पो आकरालाच गेला की.

मल्लेश : अय्यो! मोहोळात कुणीतरी तोंड पुसता पुसता तुझी कविता वाचंल बघ. पण बिरू, पाचला सात रस्त्याला वाचनालयात कवितांचा कार्यक्रम आहे, तुझं नाव मी दिलंय. आमच्या मागावरचा कवी म्हणून सांगून आलोय बे!

बिरुदेव : माझं नाव काढून टाका, अण्णा. न्हाय येत मी.

मल्लेश : काय बे? सहा महिने एकच कविता चाललीय तुझी, आणि पाठ नाही?

बिरुदेव : तेच तर झालंय. रोज एक ओळ घालायची, एक काढायची. आज सकाळी चहाला एकदाची जमली, ती चिठ्ठीवर उतरवली. आता आठवाया गेलो की समद्या ओळी एकदम दारात हुब्या. कुणाला आत घ्यावं कळंना. बाप गेल्यावर त्याच्यासाठी एवढंच केलंय मी. ते आर्धं-मुर्धं म्हणायचं न्हाय मला.

कस्तुराबाई : म्या सांगू?

बिरुदेव : काय?

कस्तुराबाई : "बापाच्या पायाला वाट हुती, माझ्या पायाला फरशी हाय. त्यो चालून चालून दमायचा, मी हुबं ऱ्हाऊन दमलो हाय."

बिरुदेव : मावशी! ही कुणी सांगितली तुला? म्या तर कुणालाच दावली न्हाय.

कस्तुराबाई : तूच की. मागावर दिसभर म्हणत असतोस.

बिरुदेव : त्या खडखडाटात? तितं बोंब मारली तरी शेजारच्याला ऐकू येत न्हाय. म्हणून तर तितं म्हणतो!

मल्लेश : येडा का खुळा बे तू? शेडमध्ये कान कोण वापरतंय? 'चल चहाला' म्हणतोस, ते मी कानानं ऐकतो काय? ओठ बघूनच बोलतो की आपण सगळे.

कस्तुराबाई : माझं टेबल तुज्या मागाच्या म्होरंच. मला अक्षर वाचता येत न्हाय, पर वठ येत्यात. जेवताना शिलाईवरच्या चिमाबाईला आन् केराबाईला सांगायची मी. आज बिरूनं बापाच्या हातात काठी दिली. आज काठी काढून घेतली. उद्या काय करतोय म्हणून आमी तिघी वाट बघायचो.

बिरुदेव : आग आयायाय! समदं कळत हुतं तुमाला? मला लाज वाटाया लागली.

कस्तुराबाई : लाज कसली, लेकरा? सोळा वर्सं घड्या घालतीया मी, दिस असा झरझर कवा गेला न्हवता. घे, लिवून घे.

मल्लेश : माझ्या डायरीत लिही. चिठ्ठ्या बास झाल्या आता.

कस्तुराबाई : "एक मेंढरू कमी भरलं की बाप म्हणायचा, आसू दे, लांडग्यालाबी पोरं हायत."

बिरुदेव : थांब. ही न्हाय घ्यायची. ही बुधवारी काढली मी.

कस्तुराबाई : ठावं हाय. त्या दिशी आमाला भाकर ग्वाड लागली न्हाय. का काढलीस?

बिरुदेव : तितं कॉलेजातली शिकलेली मानसं येणार. हसतील.

कस्तुराबाई : बाप असं म्हणायचा का न्हाय?

बिरुदेव : म्हणायचा की. दर खेपेला. त्यावरनं आय लई भांडायची.

कस्तुराबाई : मग? ह्या ओळीला केराबाईनं पदर लावला डोळ्याला. त्यातनं बापच काढून टाकलास, तर मागं काय ऱ्हायलं? वाट आन् फरशी!

मल्लेश : घाल बे. अक्का बरोबर बोलतीय.

बिरुदेव : घातली.

कस्तुराबाई : हां. आता कसं!

बिरुदेव : मावशी, खरं सांगू? हसण्याचं नुसतं निमित्त. ती ओळ मला म्हणताच येत न्हाय. घरी चारदा म्हणून बघितली, चारीदा आवाज गेला. माईकम्होरं तसंच झालं तर?

कस्तुराबाई : तर जाऊ दे आवाज. तू नुसतं वठ हलीव. आमी तिघी पयल्याच रांगेत बसणार हाय.