अंगणातला कडा

(जयपूर. सोडाल्यातली लाकडाची वखार. कीर्ती आणि तिचा नवरा जयंत चढाईच्या सरावाच्या भिंतीसाठी एकेक वासा उचलून बघताहेत.)

कीर्ती : हा नको. इथून डोळा लावून बघा, कसा पीळ पडलाय.

जयंत : मला तर सरळ दिसतोय.

कीर्ती : तुम्हाला रूळ तेवढे वाकडे दिसतात, बाकी सगळं सरळ! रेल्वेत आयुष्य गेलं ना. आणि ओला आहे हो अजून. इथल्या उन्हात वाळला की पापडासारखा वाकेल. वरचं प्लायवूड उचकटेल नि चढता चढता मी धाडकन खाली.

जयंत : बरं बाई. चढणारी तू, निवडणारी तू. मी आपला नंदीबैल.

कीर्ती : हा बघा. चिडाचा, म्हणजे पाइनचा. वाळलेला, हलका, मध्ये गाठ नाही. असेच घेऊ.

जयंत : साल लाकडाचे खांब घेतले तर? दणकट असतात.

कीर्ती : आणि ट्रकमध्ये कोण चढवणार? पलंगापासून देवघरापर्यंत आपलं सगळं नटबोल्टचं, म्हणून रतलाम, कोटा, जयपूर निभावलं. ही चढायची भिंतही तशीच हवी. नाशिकची ऑर्डर आली की खोलायची नि निघायचं.

जयंत : हं.

कीर्ती : खरं तर तिथे लागणारच नाही. अंजनेरी आहे की! रविवारी दोर खांद्यावर टाकायचा नि सुटायचं. खडकाचा तो गारवा बोटांना... अक्षदा पोटात राहिली तेव्हापासून कड्याला हात नाही लागला हो.

देवराम (वखारवाला) : साहब, साल के खंभे अलग रखवा दिए। नीचे डामर लगवा दूँ? आपने कहा था ना, सीमेंट में गाड़ने हैं। दीमक नहीं लगेगी।

जयंत : पाँच मिनट, भैया.

कीर्ती : सिमेंटमध्ये काय गाडायचंय? अहो, माझ्याकडे बघा.

जयंत : भिंतीचे खांब. आपल्या प्रताप नगरच्या घराच्या अंगणात. कायमचे.

कीर्ती : ते घर तर आपण गेल्यावर भाड्याने द्यायचं होतं.

जयंत : बदलीचा अर्ज मी मागे घेतला, कीर्ती. होळीच्या सुमारास. विनंतीवर गेलो की सीनियॉरिटी जाते. काल लागलेल्या पोरांच्याही खाली बसायचं. इकडे प्रमोशन तोंडावर आलंय. आणि अक्षदा इथलीच झालीये गं.

कीर्ती : होळीपासून? नाशिकहून आई रोज मिस्ड कॉल देते. मी उलटा फोन करून सांगते, ‘येईल गं ऑर्डर.’ तुम्ही शेजारी चहा पीत ऐकत होतात!

जयंत : सांगायला जीभच उचलेना. म्हटलं, आधी भिंत उभी करू.

कीर्ती : रडणाऱ्या पोरीच्या हातात खुळखुळा.

जयंत : तसं नाही... असेलही तसंच. भांड तरी माझ्याशी.

कीर्ती : भांडेन की, घरी गेल्यावर. मला परत जायचं होतं हो. मनातल्या मनात मी सामानही बांधून ठेवलं होतं.

जयंत : चल, राहू दे लाकूड.

कीर्ती : राहू दे कसं? हातांना काहीतरी पाहिजेच ना. घ्या ते सालाचे खांब. डामरही लावून घ्या.

जयंत : खरंच?

कीर्ती : फळ्या कुठल्या बाजूने ठोकणार?

जयंत : दक्षिणेच्या. तिकडे रस्ता आहे, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल.

कीर्ती : नको. उत्तरेच्या बाजूने ठोका. चढताना माझं तोंड दक्षिणेला, नाशिककडे राहील.