सोमलाची डबी

माझ्यावर कुणी इस्वासच ठेवला न्हाई, बायांनो. थंडीत माझ्या पाच वर्षांच्या चंद्रीचे ओठ फुटले, म्हणून मी मेण अन् तूप कढवून मलम केलं. ठेवायला सिंदफणा नदीतला शिंपला धुऊन घेतला.

सासू कडाडली, “मेल्या जिवाचं हाड ते! पोरीच्या ओठाला लावतीस?” अन् तिनं उंदरांच्या सोमलाची रिकामी डबी पुढं केली.

“आत्याबाई, त्यात इख हुतं.”

“तीनदा राखेनं घासलीय. पत्रा बाटत न्हाई. लई शहाणी हायेस!”

मलम त्याच डबीत भरावं लागलं. आठ दिवस पोर ओकत राहिली, मग गेली.

माती देऊन आल्यावर मी ती डबी सगळ्यांपुढं आपटली. सासू म्हणाली, “मलम लावायचं असतं. तिलाच चाटायची खोड हुती.” साऱ्यांनी माना डोलावल्या.

शेवटी गुन्हेगार ठरली ती चंद्री.